मिग-२१ बिसचं १/४८ मॉडेल: रेझिन मागवायच्या आधी

कारंज्याकडच्या एका तरुण दुकानदाराचा प्रश्न आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. तो टीव्हीवर पाहून त्यांनी एडुआर्ड कंपनीचा १/४८ मापाचा (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढा) मिग-२१ बिस मागवला. बिस हा मिग-२१ चा एक प्रकार. मागवला तो प्लॅस्टिकचे भाग जोडून करायचा कीट, म्हणजे संच, आणि तोही प्रोफिपॅकवाला, ज्यात जास्तीचे बारीक भाग सोबत येतात. हात बसावा म्हणून त्याआधी १/७२ चं एक स्वस्त जेट जोडून पाहिलं. त्यात तीन गोष्टी बिनसल्या. कितीही घासलं तरी धडाचा सांधा रंगाखालून वर येतो, कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) आतून पांढुरकी झाली, आणि ब्रशने दिलेल्या रंगात रेघा राहिल्या. मोठ्या कीटला हात घालण्याआधी ते विचारतात: रेझिनचं (साच्यात ओतून केलेलं, वेगळं विकत मिळणारं) कॉकपिट आणि नोझल (इंजिनाचं मागचं तोंड) मागवू का? एअरब्रशशिवाय (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाशिवाय) जमेल का? जवळपास हॉबीचं दुकान नाही, तर डिटेलिंगचं (तारा-नळ्यांसारख्या बारकाव्यांचं) सामान आणायचं कुठून?

भाऊ, रेझिन आत्ता मागवू नका. रेझिनचं कॉकपिट बसवायचं म्हणजे कीटच्या धडाच्या भिंती आतून घासून पातळ कराव्या लागतात, रेझिनचा ठोकळा करवतीने कापावा लागतो, आणि ती धूळ फुफ्फुसाला वाईट. एवढं करून धड बंद झालं, की वरून दिसतं काय? सीटचा वरचा भाग, पॅनेलची कड आणि दोन्ही बाजूंची थोडी कन्सोल. प्रोफिपॅकमध्ये रंगीत फोटो-एचचं (आम्लाने कोरलेल्या पातळ पत्र्याचं) पॅनेल, पट्टे आणि कॅनॉपीचे मास्क (रंगवताना काच झाकायच्या पट्ट्या) आधीच आहेत. तेवढं नीट लावलं तरी पुष्कळ झालं. पाठीवर सांध्याची रेघ दिसत असेल तर आत कितीही महागडं कॉकपिट ठेवा, बघणाऱ्याची नजर आधी रेघेवरच जाते. पैसा आणि वेळ आधी सांध्यावर आणि रंगावर, मग दोन-चार निवडक जागांच्या डिटेलवर. आणि त्या डिटेलचं सामान तुमच्या तालुक्याच्या बाजारातच आहे.

त्याच्याही आधी एक महत्त्वाचं. टीव्हीवर तुम्ही पाहिलेली शेवटची विमानं बायसन होती. हातातला कीट बिसचा आहे. बायसन म्हणजे बिसचंच नूतनीकरण, पण पुढची काच वेगळी (बिसच्या काचेला चौकटी, बायसनची एकसंध), रडार वेगळं, अँटेना वाढलेल्या, नंबराच्या आधी ‘सीयू’. बिसच्या खोक्यातून बायसन होतो, पण ती काच नव्याने घडवावी लागते, आणि ते पहिल्या मोठ्या कीटमध्ये करायचं काम नव्हे. नूतनीकरणाआधीचा भारतीय बिस करा. ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये जुळलेलं, कोरापुटला बनलेलं आर-२५ इंजिन बसवलेलं विमान आहे ते. त्यात कमीपणा काहीच नाही.

मग एक नंबर पकडा. ‘भारतीय वायुसेनेचा मिग’ असं मोघम मॉडेल करू नका. एकच विमान आणि शक्यतो एकाच काळातले फोटो. भारत रक्षक या संकेतस्थळावर वायुसेनेच्या विमानांचे जुने फोटो भरपूर आहेत. चौकात, शाळेसमोर किंवा एखाद्या केंद्राच्या फाटकावर उभं केलेलं विमान आकार, रिबेट (पत्रे जोडणारे खिळे), चाकांचे पाय, दारांच्या बिजागऱ्या बघायला उत्तम. पण रंगासाठी त्याचा पुरावा धरू नका. त्यावर पुन्हा पुन्हा रंग चढतो, तोही चकचकीत, आणि रंगवणारा मिळेल ती छटा मारतो. नागपूरच्या वायुसेनानगरला मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. तिकडे कधी जनतेसाठी प्रदर्शन असलं तर नक्की जा, पण परवानगी असेल तिथेच कॅमेरा काढा.

आता सांधा.

तुमचा सांधा वर येतो त्याची कारणं दोनच असू शकतात. एक तर प्लॅस्टिक सिमेंट पुरतं सुकायच्या आत तुम्ही घासलं. हे सिमेंट प्लॅस्टिकला विरघळवून जोडतं. वरून कोरडं वाटलं तरी आत द्रावक अडकलेला असतो, तो पुढे हळूहळू उडतो आणि ती जागा खाली बसते. घासताना सपाट असलेली जागा पंधरवड्यानंतर खळगा दाखवते. दुसरं कारण पुट्टी. गॅरेजवाल्याकडची पुट्टी सुकताना आक्रसते आणि तिच्या कडा रंगाखाली उठून दिसतात.

त्यामुळे मुळात पुट्टी लागूच नये असं जोडा. दोन्ही अर्ध्यांच्या कडा आधी सपाट काचेवर ठेवलेल्या ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर हलक्या हाताने फिरवून घ्या. कोरडेच जुळवून, टेप लावून, उजेडात धरून फट कुठे आहे ते पाहा. मग पातळ सिमेंट कडेवर दोनदा फिरवा, अर्धा मिनिट थांबा, आणि दाबा. सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक वळी बाहेर आली पाहिजे. ती वळी हीच तुमची पुट्टी. पुसू नका. धड बाजूला ठेवून द्या, आठवडाभर त्याकडे पाहूही नका. हिवाळ्यात त्याहून जास्त. नंतर नवीन ब्लेड उभी धरून वळी खरवडा, कापू नका. मग ६००, १०००, १५०० असे पॉलिश पेपर पाण्यासोबत. हे सगळं गाड्या रंगवणाऱ्याच्या दुकानात मिळतं. आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवला की घासायची पट्टी तयार.

सांधा गेला की नाही ते डोळ्याला कळत नाही. त्या पट्ट्यावर चंदेरी रंगाचा पातळ हात द्या आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. चंदेरी रंग कुणाचीही भीड ठेवत नाही. फट राहिलीच असेल तर स्प्रूचे तुकडे (भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात तिचे) सिमेंटच्या बाटलीच्या तळाशी उरलेल्या द्रवात विरघळवा आणि तो लगदा भरा. प्लॅस्टिकच प्लॅस्टिकमध्ये जातं, त्यामुळे घासताना कड उठत नाही. सुपरग्लू भरणार असाल तर त्याच दिवशी घासा. दुसऱ्या दिवशी तो आजूबाजूच्या प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो, मग शेजारचं प्लॅस्टिक खाली जातं आणि ग्लू उंचवट्यासारखा उभा राहतो.

आणि सगळे सांधे बुजवायचे नसतात बरं. मिग-२१ चं इंजिन काढायला अख्खा मागचा धडाचा भाग सुटा होतो. त्यामुळे धडाभोवती एक गोल जोडरेषा खऱ्या विमानात ठळक दिसते. ती घासून काढली तर नंतर सुई घेऊन पुन्हा कोरावी लागेल. फोटो समोर ठेवूनच घासायला बसा.

रेघांबद्दल बोलतोच आहे तर हिशेब करून पाहा. मॉडेलवरची पॅनेलची रेघ ०.२ मिलिमीटर रुंद असेल तर ४८ पटीने ती ९.६ मिलिमीटर होते. ओझरच्या कारागिरांनी पत्र्यांत बोटभर फट ठेवली नव्हती. सध्या जो तो प्रत्येक रेघेत काळाकुट्ट रंग भरतो, विमान जाळीदार दिसतं आणि त्याला वाहवा मिळते. मला ते पटत नाही. रेघ खोल करू नका, आणि भरायची तर विमानाच्याच रंगाची जरा गडद छटा भरा.

धड बंद करण्याआधी तोल बघा. कॉकपिट, चाकांचे कप्पे, नोझल आत ठेवून सगळं टेपने बांधा आणि मुख्य चाकं येतात त्या जागी दोन बोटांवर तोलून पाहा. शेपटी खाली जात असेल तर नाकात वजन घाला. जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या बाजारात मिळतात, पण त्या पांढऱ्या फेविकॉलने कधी चिकटवू नका. फेविकॉलमधून सुटणाऱ्या आम्लाने शिसं हळूहळू गंजतं, फुगतं आणि काही वर्षांनी नाक आतून फाटतं. सायकलवाल्याकडचे छर्रे घ्या, अराल्डाइटमध्ये घट्ट बसवा. ते हलले तर मॉडेल उचलल्यावर खुळखुळ्यासारखं वाजतं.

कॉकपिटचा रंग रशियन पद्धतीचा निळसर हिरवा. पॅनेलच्या मधोमध एक पांढरी उभी पट्टी असते, ती विसरू नका. विमान गिरक्यात सापडलं तर वैमानिकाने दांडी नेमकी मधोमध आणावी, त्यासाठी ती खूण. फोटो-एचवर ती आलेली असेल तर तिच्यावर वॉशचा (खाचांत भरायच्या पातळ गडद रंगाचा) काळपटपणा चढू देऊ नका. पॅनेलच्या प्रत्येक घड्याळावर सुईच्या टोकाने चकचकीत वार्निशचा एक थेंब ठेवा. वाळला की काच बसवल्यासारखं दिसतं.

फोटो-एच कापायला फरशीचा गुळगुळीत तुकडा आणि नवीन ब्लेड. रबरी चटईवर कापाल तर पट्टी वाकते. चिकटवायला सुपरग्लूच, पण बाटलीतून थेट नाही. एक थेंब फरशीवर, त्यातून सुईने उचलून जागेवर. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने कडक होतो. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो रेंगाळतो, पोट्टे म्हणतात ‘ग्लू खराब निघाला’. तोंड जवळ नेऊन वाफ सोडा, लगेच धरतो. श्रावणात मात्र उलट, सुईवरच धरायला लागतो.

आता सामानाचा प्रश्न. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून जरा लांबवतो.

तालुक्याच्या गावी पंखे आणि मोटारी भरून देणारा वायंडिंगवाला असतोच. त्याच्या दुकानात जळालेली तार काढून टाकलेली असते, आणि नव्या तारेचे उरलेले तुकडेही. छताच्या पंख्याच्या वायंडिंगला बहुधा ३६ गेजची तांब्याची तार वापरतात. तिची जाडी ०.१९ मिलिमीटरच्या आसपास. ४८ ने गुणा, नऊ-सव्वानऊ मिलिमीटर येतात. चाकाच्या पायावरून उतरणाऱ्या ब्रेकच्या नळीला हेच माप शोभतं. हॉबीच्या दुकानातून परदेशी तारेचं पाकीट मागवाल, त्यातही हेच असतं. पाण्यातल्या मोटारीची तार घेऊ नका, तिच्यावर प्लॅस्टिकचं जाड आवरण असतं.

तार सरळ करायची रीत अशी. हातभर तुकडा घ्या, एक टोक पक्कडीत धरा, दुसरं खिळ्याला गुंडाळा, आणि जराशी ओढ द्या. ती किंचित लांबते आणि काठीसारखी सरळ होते. मग दोन फरशांच्या मध्ये ठेवून लाटा. तारेवर रंगासारखा लाखेचा थर असतो, तो ब्लेडने खरवडा, नाहीतर पुढे रंग टिकत नाही. आता पुढच्या चाकाच्या पायाजवळ तार धरा. सरळ पायावर सरळ नळी लावू नका. पाय दबतो तिथे खऱ्या विमानातही नळीला सैल वळसा असतो, नाहीतर उतरताना ती तुटेल. तो वळसा टूथपिकभोवती तार अर्धी फिरवून काढा. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटामागची चांदी ब्लेडने अर्धा मिलिमीटर रुंद कापा, नळीभोवती आणि पायाभोवती गुंडाळा. हा झाला पट्टा. असे दोन पट्टे पुरेत. पाच लावले तर नळी दिसत नाही, नुसते पट्टेच दिसतात.

मुख्य चाकांच्या कप्प्यात तीच तार, पण तिथे जाडी बदला. सगळ्या नळ्या सारख्याच जाडीच्या दिसल्या की कप्पा खोटा वाटतो. मिग-२१ चं मुख्य चाक आत जाताना फिरतं आणि धडात उभं राहतं, म्हणून तर पंखाच्या मुळाशी धडावर फुगवटे आहेत. कप्प्यात तार घालताना चाकाला ती जागा मोकळी राहील असं बघा. कप्प्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या नळ्या पटतात, मधल्या पोकळीत लोंबणाऱ्या पटत नाहीत.

नाकावरची पिटोची (हवेचा वेग मोजणारी) लांब नळी प्लॅस्टिकची आहे. ती मोडणारच, कुणाच्या बाहीला अडकून का होईना. मेडिकलमधून न वापरलेल्या सुया आणा. १८ नंबरच्या सुईची बाहेरची जाडी १.२७ मिलिमीटर, आतलं भोक ०.८४. २२ नंबरची सुई बाहेरून ०.७२, म्हणजे १८ च्या आत बसते. इन्सुलिनची ३१ नंबरची २२ च्या आत जाते. कापायला पक्कड वापरू नका, तोंड चेपतं. त्रिकोणी कानस धरून सुई बोटांत फिरवत खाच पाडा, मग वाकवून मोडा, आणि टोक पॉलिश पेपरवर बोथट करा. टोकदार सुई घरात ठेवायची नसते. १/४८ ला २२ आणि ३१ ची जोडीच पुरेशी नाजूक दिसते, १८ चा तुकडा फक्त बुडाशी, धडाच्या आत आधाराला. जागा मात्र नीट पाहा. आधीच्या पीएफ, पीएफएम प्रकारांत पिटो वर मधोमध असायचा, बिसला तो उजवीकडे सरकलेला आहे. वैमानिकाच्या उजव्या हाताला, तुम्ही समोरून बघताय त्याच्या उजवीकडे नव्हे.

सीटचे पट्टे प्रोफिपॅकमध्ये आहेत, पण ते कडक पत्र्याचे. आधी मेणबत्तीवर क्षणभर गरम करून मऊ करा, पण त्याने छापील रंग जळतो. रंग वाचवायचा असेल तर गरम न करता हातानेच वाकवा. सीटवर सपाट ताणून चिकटवलेले पट्टे दिसायला फार वाईट. एक बाजू सीटवर, दुसरी कडेवरून लोंबती ठेवा.

एवढंच डिटेल करा. क्षेपणास्त्रं, बॉम्ब, टाक्या सगळ्याच खोक्यात आल्या म्हणून सगळ्याच लटकवायच्या नसतात. मधली एक टाकी आणि दोन क्षेपणास्त्रं लावली की विमान विमान दिसतं.

कॅनॉपी आतून पांढुरकी होते ती सुपरग्लूच्या वाफेने. जुन्या मॉडेलची काच काढता आली तर मऊ सुती कापडावर पांढरी टूथपेस्ट घेऊन आतून गोल गोल घासा, धुवा, आणि चकचकीत वार्निशचा एक हात द्या. पुष्कळ सुधारते. नव्या कीटवर काचेला सुपरग्लू लावायचाच नाही, कॉकपिटमध्ये फोटो-एच बसवल्यावरही दोन दिवस काच लावू नका. काच फेविकॉल एमआरने चिकटवा. तो वाळला की पारदर्शक होतो, सांडला तर ओल्या कापडाने पुसता येतो.

रंगाबद्दल पहिली गोष्ट ब्रश-एअरब्रशची नाहीच, हवेची आहे. आपल्याकडे मे महिन्यात अकोल्या-नागपुरात पारा पंचेचाळिशी गाठतो. तेव्हा अॅक्रिलिक रंग ब्रशच्या केसांतच वाळतो आणि तुमच्या रेघा तिथून येतात. पहिलं जेट तुम्ही अशा कोरड्या उन्हात रंगवलं असेल, तर अर्धा दोष तिथेच सापडला. एअरब्रश असता तरी रंगाचे कण हवेतच सुकून पृष्ठभागावर कोरडी भुकटी बसली असती, हाताला खरखर लागते ती. पावसाळ्यात दुसरं संकट. लॅकर रंगात हवेतला ओलावा अडकतो आणि पृष्ठभाग पांढुरका होतो, एअरब्रशच्या नळीत पाणी साचतं. म्हणून दिवाळी ते होळी हाच रंगाचा हंगाम. संक्रांतीच्या सुमारास जोडणी लवकर उरकली तर होळीच्या आत रंग होईल, नाहीतर सरळ पुढच्या दिवाळीवर टाका. कायची घाई आहे? उन्हाळ्यात फोटो जमवा, तारा वळा, पिटो घडवा. आणि उन्हाळ्यात रंगवायचीच वेळ आली तर पहाटे, कूलर बंद करून. कूलर ओलावाही फेकतो आणि गवताची कुसंही, दोन्ही ओल्या रंगावर जाऊन बसतात.

ब्रशनेच करा, या कीटला ब्रशने होतं. फक्त रंग निवडून घ्या. तामियाचे अॅक्रिलिक ब्रशला अवघड, दुसरा हात देताना पहिला उचलला जातो. वालेहोचे मॉडेल कलर ब्रशसाठी बरे. जेवणाच्या डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. असा रंग तासभर तरी ओला राहतो. रंग दुधासारखा पातळ, ब्रश चपटा आणि रुंद. पहिल्या हातात खालचं प्लॅस्टिक दिसणारच, घाबरून जाड हात देऊ नका. पहिला हात नाकाकडून शेपटीकडे, तो पुरता वाळला की दुसरा आडवा, तिसरा पुन्हा उभा. एकदा ओढलेल्या ओल्या पट्ट्यावर परत ब्रश नेऊ नका, नव्वद टक्के रेघा तिथेच होतात. राखाडी रंगात थोडा पांढरा मिसळा. लहान आकाराला खऱ्या विमानाचा रंग जसाच्या तसा दिला तर तो गडद भासतो.

प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) हवाच. गॅरेजमध्ये मिळणारा एनसी थिनरचा सर्फेसर स्वस्त पडतो, पण ते थिनर कीटचं प्लॅस्टिक (पॉलिस्टायरीन) खातं. आधी स्प्रूवर मारून बघा. अॅक्रिलिकच्या पाट्या करणाऱ्याकडचं क्लोरोफॉर्म ग्लू म्हणून वापरा असं कुणी सांगेल, ते जोडतंही. पण त्याची वाफ विषारी आहे, बंद खोलीत तर नकोच नको.

एअरब्रश पुढे हौस टिकली तर घ्या, ०.३ मिलिमीटर नोझलचा. लहान टाकी असलेला कंप्रेसर घ्या म्हणजे लाईट गेली तरी हातातला पंख पुरा होतो.

डेकलसाठी (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं आणि आकडे) मी तुम्हाला पाण्याबद्दल बजावतो. मी दर्यापूरकडचा, खारपाणपट्ट्यातला. आमच्या बोअरच्या पाण्यात डेकल भिजवली की वाळल्यावर भोवती पांढरी कड उमटते. तुमच्याकडचं पाणी एवढं खारं नसेलही, पण बोअरचं असेल तर विश्वास ठेवू नका. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मोटारसायकलच्या दुकानात मिळतं, एक बाटली दहा विमानांना पुरते. डेकलआधी चकचकीत वार्निश हवं. खरखरीत पृष्ठभागावर डेकलखाली हवा राहते आणि ती चांदीसारखी चमकते. डेकल मऊ करणारं सॉफ्टनर मिळालं नाही तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून लावा, थोडंफार काम करतं. चक्रातला केशरी रंग बाहेर आणि हिरवा मध्ये, हे सगळ्यांना माहीत असतं. शेपटीवरच्या तिरंग्याचा क्रम मात्र दोन्ही बाजूंचा फोटो पाहूनच लावा. कधी जुना कीट मिळाला आणि डेकल पिवळी पडलेली असली तर पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. आपल्या उन्हाने पिवळेपणा बराच जातो.

वॉशसाठी चित्रकलेचे कॅमलचे ऑइल रंग आणि टर्पेंटाइन पुरे. खाली वार्निशचा थर सुकलेला असावा. जादा पुसताना कापसाची काडी उडताना हवा वाहते त्या दिशेने, नाकाकडून शेपटीकडे फिरवा, वरून खाली नाही.

धुळीचा मोह सगळ्यांना होतो. शेवटची मिग-२१ विमानं राजस्थानात बिकानेरजवळच्या नालला होती. तिथली धूळ फिकट वाळूची. काही जण चाकांवर आपल्या शेतातली काळी माती चाळून लावतात. एक तर तिचा कण १/४८ ला गोट्यांएवढा दिसतो, दुसरं म्हणजे नालला कापसाची जमीन नाही. वाळूच्या रंगाचा सुका पेस्टल खडू बारीक करून ब्रशने चाकांना आणि पोटाखाली जरा झटका. तुम्ही निवडलेलं विमान दुसऱ्या तळावरचं असेल तर तिथल्या जमिनीचा रंग बघा. वायुसेनेची विमानं पुसूनच उभी करतात, लढाईतून आल्यासारखं मॉडेल मळवू नका. तोफेच्या तोंडाशी काजळी आणि नोझलभोवती जळालेल्या धातूच्या निळ्या-तपकिरी छटा एवढं ठळक असू द्या.

चाकांचे तळ किंचित सपाट घासा, वजनाने टायर दबतो. मग काच, चाकांची दारं, आणि सगळ्यात शेवटी पिटो. पिटोवर लाल कागदाची लहान टोपी आणि तिला लोंबती पट्टी लावली तर उभ्या विमानाचा थाट येतो आणि सुईचं टोकही झाकलं जातं. मॉडेल टिनाच्या छताखालच्या खोलीत किंवा उन्हातल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, पंख वाकतात. नंबर कोणता निवडला ते कळवा, त्या विमानाचे फोटो माझ्याकडे असले तर पाठवतो.